रडक्या बेडकाचा कायमचा पत्ता

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द यावेळी शब्दशः घ्यावा, मी टेबलाखाली पालथी पडून लिहिते आहे. कारण पुढे येईल.) तुमचं बीपी आणि मामींचा गुडघा दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. आई माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

तर मामा, मला पहिलं काम मिळालं! कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी दुकानाची वेबसाइट करायला दिली. गिऱ्हाइकांनी घरबसल्या मापं भरायची, तारीख घ्यायची. साइट झकास झाली, पण ती होती फक्त लॅपटॉपच्या पोटात, आणि काकूंना स्वतःच्या मोबाइलवर पाहिल्याशिवाय विश्वास बसेना. (जी बाई गिऱ्हाइकाला तीनदा ट्रायलला बोलावते, ती स्वतः एकदा तरी घेणारच.) यावर उपाय म्हणजे टनेल, म्हणजे बोगदा: लॅपटॉपवरची साइट बाहेरच्या जगाला दाखवायला एक पत्ता देणारी सेवा. तीन दिवस मी बोगदे पारखत बसले. एकाचा दर ऐकून मोठ्या कंपनीनेही घाम पुसावा. दुसरा स्वस्त, पण साइटच्या आधी 'पुढे धोका असू शकतो' अशी लाल पाटी दाखवायचा. ती वाचून काकूंनी मोबाइल कापडाच्या ढिगाखाली दडवला. शेवटी फुकटचा घेतला. तो मनाला येतील ते शब्द जोडून पत्ता देतो आणि एकदा बंद पडला की नवीनच देतो. आमच्या वाट्याला आला, मराठीत सांगायचं तर, 'रडका बेडूक सत्तेचाळीस'.

काकूंनी साइट डोळे भरून पाहिली आणि म्हणाल्या, "पोरी, जीव ओतलास गं!" मला इतका आनंद झाला, की पत्ता तात्पुरता आहे हे सांगायचंच राहिलं. कच्ची शिलाई उसवायचीच असते हे काकूंना कळतं, पण पत्ताही कच्चा असतो हे त्यांना कोण सांगणार? आठवड्याने त्यांनी कौतुकाने पाचशे कापडी पिशव्या दाखवल्या. प्रत्येकीवर रडक्या बेडकाचा पत्ता, शेजारी बेडकाचं चित्र. (चित्रातला हसत होता.) निम्म्या वाटूनही झाल्या होत्या!

तेव्हापासून लॅपटॉप बंद करायची सोय नाही. त्याची बॅटरी कशी आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. परवा आईने इस्त्रीसाठी प्लगला हात घातला, तेव्हा मी अशी किंचाळले की तिने अबोलाच धरला. म्हणून हा टेबलाखालचा पहारा.

काल धीर करून काकूंना खरं सांगितलं. वाटलं, पहिलं काम गेलं. त्या पोट धरून हसल्या. "बेडकाने पंधरा गिऱ्हाइकं आणलीत, त्याला मी बरी सोडीन!" त्याच सेवेत, महिन्याला एका पँटच्या शिलाईएवढ्या पैशांत, तो पत्ता कायमचा मिळतो. पैसे काकूंनी भरले. मामा, मी घरी अक्षरशः उड्या मारत आले.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
भाची

ता. क. पत्ता कायमचा झाला, तरी साइट अजून लॅपटॉपच्याच पोटात आहे. तेव्हा तुमचा लॅपटॉप, जो मी दोन दिवसांसाठी म्हणून नेला होता, तो आणखी थोडे महिने राहू द्यावा ही विनंती.

ता. क. २ सोबत मामींसाठी एक पिशवी पाठवते आहे. लॅपटॉपची आठवण आली की त्यावरचा पत्ता उघडा. उघडला, तर लॅपटॉप सुखरूप आहे. नाही उघडला, तर तुमच्या बहिणीने इस्त्री लावली असं समजा.