तारखेची मोकळी जागा

१ मार्च, शुक्रवार

आज पुन्हा. ‘सभापतींचा राजीनामा दोन दिवसांत?’ प्रश्नचिन्ह मी घातलं, संपादकांनी काढलं, मी परत घातलं. पंधरवड्यात आमच्या पेपरातली ही चौथी चौकट. मजकूर आमच्या वार्ताहराचा, दिनेशचा, ‘विश्वसनीय सूत्रांनुसार’ तीन वेळा. विचारलं, सूत्र कोण? पंचायत समितीसमोरचा चहावाला. दोन काढली, एक ठेवलं. चहा तरी तो विश्वसनीय करतो.

सभापती आबांना तालुक्यात कुणी उभं करत नाही हे खरं. या गावचं मंजूर काम उचलायचं, त्या गावात टाकायचं, कुणी विचारलं की ‘पुढच्या साली बघू’. पण लोकांना नकोसं होणं वेगळं आणि खुर्ची सोडणं वेगळं. दिनेशला हे कळायला अजून वीस वर्षं आहेत.

दुपारी नमाज आटोपून हमीद मास्तर ऑफिसात आले. चितेगावच्या पुढं त्यांची शाळा. दोन खोल्या मंजूर झालेल्या, आबांनी त्या आपल्या सासुरवाडीला नेल्या. मास्तरांची पोरं मारुतीच्या ओट्यावर बसतात, चौथीचा वर्ग लिंबाखाली. मंजुरी मार्चअखेरपर्यंतच, मग रद्द. उपसभापती विठ्ठलरावांनी त्यांना शब्द दिलाय की आबा गेले की कारभार माझ्याकडं, त्याच दिवशी सही करून खोल्या परत देतो. म्हणून दर शुक्रवारी मास्तरांचा एकच प्रश्न.

‘भाऊ, आबा जातेत का नाय, तेवढं सांगा.’

बघू म्हणालो. म्हणताना त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही. कारण आहे. उद्या लिहितो.

२ मार्च, शनिवार

कारण असं.

पंधरा महिन्यांपूर्वी विश्रामगृहावर आबा आणि विठ्ठलराव यांचं ठरलं: सभापतिपद अडीच वर्षांचं, अर्धं अर्धं. आधी आबा. विठ्ठलरावांचा भरवसा नाही, म्हणून आबांनी राजीनामा आताच लिहून द्यायचा, तारीख न घालता. सगळीकडं असंच करतात, नवल नाही. मी बाहेर व्हरांड्यात बातमीसाठी ताटकळत होतो. आत बोलावलं. ‘संपादकसाहेब, तुमचं मराठी चांगलं. तुम्हीच लिवा.’ (मी संपादक नाही. हे सांगून सांगून थकलो.) झेडपी अध्यक्षांच्या नावे सात ओळी लिहिल्या, आबांनी खाली सही केली. आता कागद ठेवायचा कुणाकडं? विठ्ठलरावांकडं नको, आबांकडं तर नकोच. शेवटी दोघंही माझ्याकडं बघायला लागले.

अट एकच: दोघं मिळून मागायला येतील तेव्हाच द्यायचा.

मी हो म्हणालो. खरं लिहायचं तर छाती फुगली होती. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला पत्रकार वगैरे. तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. संपादकांनाही नाही.

पंधरा महिने फेब्रुवारीअखेर भरले. अख्खा तालुका विचारतोय राजीनामा कधी येणार, आणि राजीनामा आमच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत.

५ मार्च, मंगळवार

दिनेशची बातमी: आबा तातडीनं मुंबईला रवाना, राजीनाम्याच्या हालचालींना वेग. तासाभरात कळलं, आबा भाच्याच्या साखरपुड्याला फुलंब्रीला आहेत, जेवायला बसलेत. बातमी काढून टाकली, जागा मोकळी. तिथं उन्हाळी शिबिराचं निवेदन टाकलं. दिनेश म्हणतो, ‘पण सर, उद्या जातीलच की मुंबईला.’

विठ्ठलरावांना फोन केला. मुदत संपली, दोघं या आणि कागद न्या. ‘येतो की, आबांना विचारतो.’ आबांना फोन केला. ‘मी कधी बी तयार हाय, त्येंना विचारा.’

८ मार्च, शुक्रवार

मास्तर. गावात सप्ता बसलाय, म्हणून पोरं ओट्यावरून उठली. सध्या मशिदीच्या पडवीत. म्हणाले, ‘देवाधर्माची एक जागा सोडली नाय बघा आम्ही. शाळाच तेवढी ऱ्हायली.’ हसले. मला हसू आलं नाही. चहा सांगितला, त्यांनी बशीत ओतून संपवला, प्रश्न विचारला, मी बघू म्हणालो.

आठव्यांदा की नवव्यांदा.

१२ मार्च, मंगळवार

शालिनीला कागद सापडला. रेशनकार्ड काढायला गेली होती. माझं अक्षर ओळखलं, खालची सही वाचली, आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. सगळं सांगावं लागलं. तिनं सकाळचा अंक उचलला, आजची चौकट माझ्यासमोर धरली. (‘सभापती एकाकी.’)

‘म्हणजे तुम्ही रोज वीस ओळी देताय ते आपल्या कपाटाबद्दल?’

वरण उतू गेलं.

१४ मार्च, गुरुवार

दोघांनाही निरोप पाठवला: रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या घरी. दोघांचाही होकार. कित्येक दिवसांनी बरं वाटतंय. मास्तर उद्या येतील, त्यांना सोमवारी काहीतरी कळेल एवढं सांगायला हरकत नसावी.

१७ मार्च, रविवार

आबा बरोबर दहाला आले, एकटे. विठ्ठलराव नाहीत. साडेदहा, अकरा. माणूस पाठवला तर ते शेतावर.

शालिनीनं पोहे दिले. आबांनी लिंबू मागून घेतलं. मग म्हणाले, कागद बघायचाय, फक्त बघायचाय. दिला. चष्मा पुसून दोनदा वाचला.

‘लई चांगलं लिवलंय. वाचून माझं मलाच बरं वाटलं.’ मग एका ओळीवर बोट ठेवलं. ‘ह्ये प्रकृतीचं तेवढं काढा. लोक म्हणतील, आबाला काय झालं.’

होती तशी घडी घालून कागद परत दिला. फाडला असता तर मी काय करणार होतो? न राहवून तेच विचारलं. पोहे खाता खाता म्हणाले:

‘फाडून काय करू? दुसरा लिवून मागतील, कुणा भलत्याकडं ठिवतील. तुमच्याकडं हाय म्हणून तर मी खुर्चीत निवांत बसलोय, संपादकसाहेब.’

मास्तरांच्या खोल्यांचं काढलं. मास्तर सोन्यासारखा माणूस, म्हणाले, पण मला सासुरवाडीत तोंड दाखवायचंय. शालिनीला नमस्कार करून गेले. डिश स्वच्छ.

मी माझ्या शब्दाला जागतोय, आणि त्या शब्दावर बसलेत आबा.

१९ मार्च, मंगळवार

औरंगपुऱ्यात विठ्ठलरावांच्या भावाचं बियाण्यांचं दुकान आहे, तिथं त्यांना गाठलं. रविवारी का आला नाहीत? आधी शेत, मग पाहुणे, मग गुडघा. मी उठत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक जाऊ दिलं आणि खरं बोलले. मार्चअखेरची सगळी बोंब आबांच्या गळ्यात राहू द्या. शिव्या त्याला बसतायत, बसू द्या. एप्रिलात नवी कामं येतील, तेव्हा येतो आबाला घेऊन, पेढ्यांसकट.

म्हणजे चहावाल्याच्या कानात राजीनामा सोडणारी माणसं यांचीच. राजीनामा नको, राजीनाम्याची चर्चा हवी. आणि ती मोठ्या टाइपात छापणारे आम्ही.

विचारलं, मास्तरांच्या खोल्या? तुम्ही शब्द दिलाय.

‘शब्द दिलाय की. तारीख कुठं दिली?’

रिक्षा न करता चालत ऑफिसला आलो. ऊन फार. चौकट तयारच होती. प्रश्नचिन्ह घातलं.

२२ मार्च, शुक्रवार

मास्तर आले नाहीत. पहिल्यांदाच. चारपर्यंत दाराकडं बघत होतो. त्यांच्या गावचा एकजण ऑफिसात जाहिरात द्यायला आलेला, त्याच्याकडून कळलं: पडवीत फरशी तापते, दोन पोरींना भोवळ आली. मास्तर दुपारची शाळा सकाळी भरवायला बघतायत.

२५ मार्च, सोमवार

सकाळी कागद बाहेर काढला. प्रामाणिकपणे लिहितो. वर उजवीकडं ‘दिनांक’ आणि पुढं मोकळी जागा, दोन बोटं रुंद. अक्षर माझं. पेन तेच, शाई तीच. त्या जागेत आजची तारीख घातली तर जगातला कुठलाही तज्ज्ञ म्हणणार नाही की ती नंतर घातली. पाकिटात घालायचं, झेडपीत नेऊन द्यायचं. आबा ओरडतील. सही माझी नाही असं म्हणता येणार नाही त्यांना. आणि त्यांच्या बाजूनं बोलणार कोण? तालुका पेढे वाटेल.

पेनाचं टोपण काढलं होतं.

परत लावलं. आबांची दया आली म्हणून नाही. उद्या मी ‘यांनी खोटी तारीख घातली’ अशी बातमी कुठल्या तोंडानं तपासणार, म्हणून.

पण मास्तरांच्या पोरींना याचं काय?

२६ मार्च, मंगळवार

शालिनीशी बोललो. भाजी निवडत होती. म्हणाली, अट नेमकी काय होती, शब्दाला शब्द सांगा. सांगितली: दोघं मिळून मागतील तेव्हाच द्यायचा.

‘द्यायची अट आहे. सांगायची कुठं आहे?’

नाही. कुणाला सांगायचं नाही असं त्या दिवशी कुणीच म्हणालं नव्हतं. गप्प बसणं मी माझ्या पदरचं घातलं. पंधरा महिने त्यालाच इमान समजत होतो.

२७ मार्च, बुधवार

वीस ओळी लिहिल्या. फाडल्या. ‘सूत्रांनुसार’ लिहून बसलो होतो, सवयीनं.

२९ मार्च, शुक्रवार

मास्तर आले. चेहरा रापलेला. प्रश्न विचारायच्या आधीच सगळं सांगितलं, कागद कुठं आहे ते, कुणाच्या अक्षरात आहे ते. आबांचं, विठ्ठलरावांचं. ते ऐकत राहिले, टोपी मांडीवर.

‘म्हंजी मी दर जुम्म्याला येऊन विचारत होतो, तवा ते तुमच्या घरात होतं.’

हो म्हणालो.

‘बघू म्हणत होते तुम्ही.’

चहा आला होता. घेतला नाही. आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं. जाताना सलाम केला, रोजच्यासारखा, त्यानंच जास्त लागलं.

मग बसून एका दमात वीस ओळी. माझ्या नावानं, मी स्वतः सूत्र. कागद कधी लिहिला, कुणी सही केली, कुणाकडं आहे, अट काय, मुदत कधी संपली, कुणाच्या खोल्या अडकल्या आणि त्यांची मंजुरी कधी जाते. शेवटची ओळ: शनिवारी सकाळी दहा ते बारा मी घरी आहे, दोघांनी येऊन कागद न्यावा.

संपादकांपुढं ठेवलं. वाचलं. परत वाचलं.

‘पंधरा महिने?’

हो.

‘आणि माझ्याकडून चौकटी करून घेतल्या?’

म्हणालो, प्रश्नचिन्ह घालत होतो.

त्यांनी पेन उचललं. मग मथळा स्वतः दिला, पहिलं पान, डावी बाजू. प्रश्नचिन्ह नाही. तुमचं काय करायचं ते सोमवारी बोलू, म्हणाले. बोलतील. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष आहे, त्यांनी सोमवारी काय ते ठरवावं. दिनेशनं मजकूर वाचला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. त्याचंही बरोबर.

३० मार्च, शनिवार

साडेनऊ. अंक साडेपाचलाच आला. चूक एकही नाही.

दार उघडं ठेवलंय. टेबलावर कागद, वर पेपरवेट. शालिनीनं बैठकीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, मग उचलून शेजारी शेजारी ठेवल्या.

दहा वाजून दहा. फोन सात. शिव्या चार, शाबासकी दोन, एक राँग नंबर. आबांच्या घरी फोन उचलत नाहीत. विठ्ठलराव ‘बाहेर गेलेत’. कुठं ते माहीत नाही.

पावणेअकरा. हमीद मास्तर आले. हातात पेपर, घडी घातलेला. मांडलेल्या दोन खुर्च्या सोडून दाराजवळच्या स्टुलावर बसले. मग पिशवीतून खोल्यांचा अर्ज काढून मला वाचायला दिला, एखाद्या शब्दाची चूक असली तर बघा म्हणून. चूक नाही. मास्तरांचं अक्षर माझ्याहून चांगलं. वर उजवीकडं तारखेची जागा मोकळी.

‘आज काम झालं तर आजची घालू,’ म्हणाले.

शालिनीनं चहा आणला. या वेळी घेतला. बशीत ओतला, फुंकर घातली.

अकरा वीस. झेडपी आज सहापर्यंत उघडी, मार्चअखेर म्हणून. अजून वेळ आहे.

अकरा पस्तीस. कोपऱ्यावर जीप थांबली. मास्तरांनी बशी खाली ठेवली. इथून माणसं दिसत नाहीत, मधे शेजाऱ्यांची भिंत. इंजिन बंद झालं. एक दार लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दाराच्या आवाजाकडं कान लावून बसलोय.