उघाडीखालचा दगड

मी, बुधाजी पोशा म्हात्रे, वय बावन्न, गिरणीच्या साळखात्यात मागावर साचेवाला, राहणार लालबाग, कोणाच्या दडपणाने नव्हे, तर जिवाला चैन नाही म्हणून हे मृत्युपत्र लिहितो. डोके ठिकाणावर आहे. जानेवारीच्या गोळीबारात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देताना माझ्या शेजारचा माणूस पडला. तेव्हापासून लिहायला बसतो आणि फाडतो. हा चौथा कागद.

१. चाळीतली खोली, भांडी व पत्र्याची पेटी पत्नी दुर्गा हिची. चुलतभावांनी तिथे पथारी टाकू नये. मागे दोन दिवसांसाठी आले ते आठ महिने राहिले.

२. वडिलांचे फावडे धाकटा भाऊ दगडू याला. ते मी मुंबईला उगाच आणले. इथल्या डांबरात त्याचा काय उपयोग?

३. मौजे खारशेत, तालुका पेण, इथे अंबा नदी फाटे फोडून खाडीत शिरते. तिथली भातजमीन आमच्या वाडवडिलांनी चिखलाचा बांध घालून समुद्राकडून ओढून घेतली. तिच्यातला माझा अर्धा हिस्सा दगडूचा. हा उपकार नव्हे.

४. बांधातून पाणी सोडायला लाकडी दार असते, ती उघाडी. भरतीआधी ती पाडायची, घरटी पाळी लावून. बत्तीस सालच्या एका अमावास्येला पाळी दगडूची होती आणि त्याने ती नीट पाडली होती. तो घरी गेल्यावर, भरतीबरोबर येणारे मासे जाळ्यात पडावेत म्हणून मी ती उचलून खाली दगड सरकवला आणि बांधावरच झोपलो. उधाणाने बांध फुटला. तीन वर्षे शेतात मीठ फुलत होते, भात नाही. गावाने दगडूला दोषी धरले. मी गप्प बसलो आणि आठवड्यात मुंबई गाठली. बांधाच्या कामाला आजही घरटी माणूस बोलावतात, दगडूच्या घराला हाक जात नाही. याची मला लाज वाटते. हे कलम माझ्यामागे बांधावर, ओहोटीच्या वेळी, गावासमोर मोठ्याने वाचावे.

५. हे दुर्गाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "गोलीसमोर उबं रव्हाला भ्याले नाय, न भावासमोर जावाला पाय लटपटतान?"

मुक्काम लालबाग, मुंबई. रविवार, ता. ४ मार्च १९५६.
सही : बुधाजी पोशा म्हात्रे
साक्षीदार : शामराव धोंडू राणे, शेजारी
साक्षीदार : गणपत विठू साळुंके, त्याच साळखात्यातला

दुरुस्ती, दोन्ही साक्षीदारांसमक्ष : कलम चारमधले "माझ्यामागे" खोडले आहे. उद्या सकाळच्या लाँचने मी धरमतरला आणि तिथून खारशेतला जातो. कामावर खाडा पडेल, पडो. फावडे बरोबर नेत आहे. कलम मीच वाचीन.
बु. पो. म्हात्रे