वळणावर बंद होणारं इंजिन

आई, तुझ्या नातवानं हायब्रिड गाडी घेतली आहे. तिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे, शिवाय विजेची मोटर. सक्करदऱ्याच्या तलावाकडून आपल्या गल्लीत वळताना वेग कमी झाला, की इंजिन आपोआप गप्प होतं आणि गाडी नुसत्या मोटरवर दारापर्यंत येते. पहिल्यांदा तिच्यात बसलो, तेव्हा वळणावर आवाज तुटला आणि माझा हात आपसूक पुढे गेला, घराच्या दाराची कडी काढायला. मुलगा हसला. म्हणाला, "बिघडलं नाही काही, बाबा. बॅटरीवर चालून राहिली ना आता."

तुझी मोपेड अशीच यायची. बाबा गिरणीतली रातपाळी करून आतल्या खोलीत झोपलेले असायचे. त्यांची झोप मोडू नये म्हणून तू शाळेतून येताना वळणावरच इंजिन बंद करायचीस आणि उरलेली गल्ली पेडल मारत यायचीस. मी तेव्हा कॉलेजात. सकाळचे तास आटोपून घरी असायचो. आवाज थांबला की कडी काढून ठेवायची, हे माझं काम. कवितेच्या ओळीत विरामाचा यती यावा तसा तो थांबा, मग पेडलची कुरकुर आणि तिच्या तालावर पुटपुटलेली, वर्गात नुकतीच शिकवून झालेली तुझी कविता.

हे सांगितलं तर मुलगा मला हायब्रिडचे प्रकार समजावत बसला. एका प्रकारात बॅटरी इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटीनं गाडी ओढत नाही. चढावर तू इंजिन चालू ठेवून पेडल मारायचीस, तसंच. आमची गाडी मोटर एकटीही चालवते. तिसरीला घरी प्लग लावून चार्ज करता येतं. आणखी एकीत इंजिन चाकांना शिवतसुद्धा नाही, फक्त वीज तयार करतं. ब्रेक दाबला की वाया जाणारा वेग वीज होऊन बॅटरीत परत जातो, असंही तो म्हणाला. थांबणाऱ्याचं काहीतरी मागे साठून राहतं तर.

त्या दुपारीही आवाज वळणावर थांबतो. मी कडी काढतो. पेडल कुरकुरत ओट्यापर्यंत येतात आणि थांबतात. बाहेर बघतो तर उन्हात सगळी गल्ली रिकामी. आतून बाबा विचारतात, "आली काय गा तुही माय?" मी म्हणतो, कोणी नाही.

"काहून नाही? पेडल वाजले ना आत्ता."

म्हणजे रोज ते जागेच असायचे, तुझे पेडल ऐकत. थोड्या वेळानं शाळेचा शिपाई सायकलवर आला. तू शिकवता शिकवता वर्गातच कोसळली होतीस, आणि तुझी मोपेड अजून शाळेतल्या निंबाखाली उभी होती. पुढे बाबा होते तोवर त्यांनी दुपारी त्या दाराला कडी लावू दिली नाही. ते गेल्यापासून ती मी लावतो आणि दुपारी वळणावर आवाज थांबला की काढतो.

आता हे घर विकलं आहे. रविवारी मुलगा मला बेसाला त्याच्या घरी नेणार. मग इथली कडी कोण काढेल, हे मी त्याला विचारलं, तर म्हणाला, तिकडे बेल आहे, बाबा. तुला बेसा ठाऊक नाही. तुझ्या वेळी तिकडे शेतंच होती. म्हणून नवा पत्ता कळवायला हे लिहायला घेतलं.

आज मुलगा गाडीसकट बेसालाच आहे. तरी मघाशी वळणावर इंजिन बंद झालं. मी उठून कडी काढली आणि परत येऊन दाराकडे पाठ करून बसलो. पेडल ओट्याशी थांबले आहेत. तेव्हा हे पत्र इथेच ठेवतो, पत्ता तोंडानंच सांगतो. फक्त वळून बघायचा धीर होत नाही, आई.