पॉलिशचा शेवटचा हात

प्रिय फोरमनबाई,

तुझं पत्र मिळालं. मी दोनदा वाचलं, मग तुझ्या आईने चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे तीनदा झालं. गाडी विकून टाका, तिच्याकडे आता बघवत नाही, असं तू लिहिलंस. वर्कशॉपच्या मॅडमनी पुन्हा बोलावलंय, तुझी जागा अजून रिकामी आहे, पण तू ‘नाही’ असं कळवणार आहेस. ‘जिला घराजवळचं रोजचं वळण जमलं नाही, तिने दुसऱ्यांच्या गाड्या चालवून बघू नयेत,’ हे तुझं वाक्य वाचताना तुझी आई मध्येच थांबली आणि पाणी प्यायला उठली. गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला येतंय. आज बुधवार. हे पत्र कुरिअरने पाठवतोय, म्हणजे उद्या-परवा तुझ्या हातात पडेल. फोन का नाही केला, असं विचारशील. दोनदा लावला होता. तुझं ‘हां बाबा, बोला’ ऐकलं की मी जेवलीस का, झोप होते का, असलं काहीतरी विचारून मोकळा होतो. कागद निदान मध्ये बोलत नाही.

आधी तुझ्या मोटरसायकलची खबर देतो. तीन आठवड्यांपूर्वी मागच्या खोलीत गेलो आणि तिच्यावरची चादर काढली. दहा महिने तशीच उभी होती. सगळी कामं तुझ्या वहीत बघून केली. मला कळावं म्हणून तू प्रत्येक कामाचा क्रम लिहून ठेवलायस, आणि मी कुठे घाई करीन ते आधीच ओळखून तिथे लाल पेनाने ‘बाबा, थांबा’ लिहिलंयस. मी प्रत्येक ठिकाणी थांबलो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. कार्ब्युरेटर खोलला. आतल्या बारीक भोकांमध्ये पिवळा चिकटा बसला होता, तो तू सांगितलंस तसा तारेने न टोचता, औषधात भिजवून आणि हवा मारून काढला. भिजवायला तुझ्या आईचं पातेलं घेतलं. तिने बघितलं आणि काही बोलली नाही. पूर्वी याच पातेल्यावरून तिने आपल्या दोघांना घराबाहेर काढायची भाषा केली होती, आठवतंय ना? ती गप्प बसली तेव्हा मला जास्त भीती वाटली.

वाकलेलं हँडल सरळ करून आणलं, क्लचची दांडी आणि केबल नवी घातली, दोन्ही प्लग बदलले, इंजिन ऑइल बदललं, बॅटरी चार्ज केली. ऑइलच्या नटाखालचा तांब्याचा वायसर, ती बारीक चकती, मी विसरलो होतो. वहीत त्या ओळीपुढे ‘बाबा, वायसर’ असं लिहिलेलं निघालं. माझ्या चुका माझ्याआधी तुला ठाऊक असतात, याचं मला कौतुकही वाटलं आणि राग पण आला. शुक्रवारी बटण दाबलं. पहिल्या तीन वेळा नुसती खोकली. चौथ्यांदा सुरू झाली, आणि तो जाडा, सावकाश आवाज खोलीत भरला. तुझी आई दारात येऊन उभी राहिली. अपघातानंतर त्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ती पहिल्यांदाच आली. इंजिन बंद करेपर्यंत उभी होती, मग पदराने डोळे पुसून आत गेली. मी विचारलं तर म्हणाली की धूर गेला डोळ्यांत.

त्या खोलीत बसलं की काय काय आठवतं. एका म्हाताऱ्या छायाचित्रकाराच्या अंगणातून आपण ही गाडी ढकलत आणली होती. क्रूझर म्हणून सांगितली होती त्याने, प्रत्यक्षात गंजाचा ढिगारा होता. सीटमधून गवत उगवलं होतं. पाय पुढे सोडून ऐटीत बसायच्या त्या गाडीला फूटरेस्टच नव्हते. मी म्हटलं, ही काही चालायची नाही. तू म्हणालीस, बाबा, दोन वर्षं द्या. तुला बरोबर दोन वर्षं लागली. आपली कामाची वाटणी पहिल्याच दिवशी ठरली. यंत्र तुझं, चमक माझी. मला स्पॅनरचे आकडे आजही नीट कळत नाहीत, पण एकतीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाला म्हणून काढलीत. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद सांगायचे की ज्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही ते काम पुरं झालेलं नाही. मेण, टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल यांचं माझं स्वतःचं मिश्रण आहे. टेबलावर लावलं तर कागद ठेवला की घरंगळतो. तुझ्या टाकीला मी त्याचे नऊ हात दिले.

तू मला एकच नियम घातला होतास. ब्रेकच्या डिस्कजवळ तेलाचं फडकं न्यायचं नाही, तिथे तेलाचा हात लागला तर ब्रेक धरणार नाही. तो मी इतका पाळला की डिस्क पुसायची वेळ आली की साबणाने हात धुऊन यायचो, आणि तू हसायचीस. तू स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून आतले आवाज ऐकायचीस. डावीकडचा टॅपेट किंचित सैल आहे, असं म्हणायचीस, आणि उघडून बघितलं की तसंच असायचं. कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला मी ही गोष्ट किमान दोनदा सांगितली होती. सुतार मला बघितलं की आधीच म्हणायचा, टॅपेटचं कळलं आम्हाला, पुढचं बोला.

आता त्या सकाळविषयी लिहितो. वर्कशॉपमधला तुझा पहिला दिवस होता. आलेल्या गाड्या दुरुस्त झाल्यावर चालवून बघायचं काम, आणि त्या जागेसाठी त्यांनी तुला एकटीला निवडलं होतं. मला झोप कसली लागते! तू उठायच्या आधी मी मागच्या खोलीत होतो. गाडी तू रात्रीच तपासून ठेवली होतीस, यंत्राचं काही राहिलं नव्हतं. मी फडकं घेतलं. टाकी, मडगार्ड, सायलेन्सर, सगळ्यावरून शेवटचा हात फिरवला. तू शर्टाची बाही दुमडत बाहेर आलीस, गाडीकडे बघून म्हणालीस, ‘बाबा, ही तर माझ्यापेक्षा जास्त नटलीय.’ मग गेलीस. सरळ रस्त्याने जाईपर्यंत मी आवाज ऐकत होतो. पाण्याच्या टाकीजवळ डावीकडे वळायचं. तिथे आवाज तुटला.

दवाखान्यात तुझी आई तुझ्या उशाशी होती, मी पायाशी. खांद्याचं हाड आणि उजवं मनगट मोडलं होतं. तू शुद्धीवर होतीस, आणि पहिलं वाक्य बोललीस ते, ‘आई, माझीच चूक. मी जास्त झुकवली.’ तुझी आई म्हणाली की असू दे, असू दे. मी काहीच म्हणालो नाही. समोरच्या घरातले काका भेटायला आले आणि एवढी जड गाडी पोरीच्या हातात द्यायची म्हणजे कमालच, असं बोलून गेले. एरवी मी त्यांची चांगली खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो आणि या पुन्हा म्हणालो. तू डोळे मिटून पडली होतीस, पण ऐकलं असशील.

मग प्लास्टर निघालं, मनगट बरं झालं, डॉक्टर म्हणाले आता हे मनगट काहीही करील. तुझंच मन होईना. गाडीजवळ जायची नाहीस. मी सायकल तरी चालव म्हटलं तर म्हणालीस, माझा अंदाज गेलाय, बाबा. दुसऱ्या गावी नोकरी धरलीस. दिवसभर कानाला फोन लावून लोकांच्या गाड्यांच्या तक्रारी लिहून घेतेस, आणि प्रत्येक तक्रार ऐकताना बिघाड कुठे आहे ते तुला कळत असणार, पण दुरुस्त करणारे दुसरे. हे सगळं मी बघत होतो. तुझी समजूत काढणारे पुष्कळ होते, मीही त्यांच्यात बसून मान हलवत होतो. या दहा महिन्यांत मी नीट जेवलो नाही, असं तुझी आई तुला फोनवर सांगायची, आणि तुला वाटायचं की बाबा तुझ्या काळजीने झुरतायत. काळजी होतीच. पण तेवढीच नव्हती. आज सकाळी मी तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, ‘मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. रविवारच्या आत सांगा.’ आणि कागद-पेन आणून माझ्यासमोर ठेवलं.

तर ऐक. त्या सकाळी टाकी, मडगार्ड, सायलेन्सर झाल्यावर माझ्या फडक्यावर पॉलिश उरलं होतं. टायर मला निस्तेज दिसला. मागचं चाक लाकडी घोडीवर उचललं, हाताने फिरवत फिरवत सगळ्या टायरला पॉलिश चढवलं, आणि कोरड्या फडक्याने घासून काळाकुळकुळीत केला. डिस्कला फडकं लागू दिलं नाही, याचा उलट अभिमान वाटत होता मला. टायरबद्दल तू कधी काही बोलली नव्हतीस, कारण टायरला कुणी पॉलिश लावील, हे तुझ्या डोक्यातसुद्धा आलं नसेल. पुढच्या चाकाला हात घालणार तेवढ्यात तू बाहेर आलीस. त्या वळणावर पुढचं चाक रस्ता धरून राहिलं आणि मागचं घसरलं, ते एवढ्याचसाठी. मला हे त्याच दिवशी कळलं होतं. चौघांनी मिळून गाडी उचलली तेव्हा माझा हात मागच्या टायरवर होता, तो सटकला, आणि बोटांना माझ्याच मिश्रणाचा वास आला. मी स्वतःला सांगितलं की रस्त्यावर वाळू असेल. गेल्या आठवड्यात चाक टायरवाल्याकडे नेलं. त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘काका, यावर कुणी फर्निचरचं पॉलिश मारलंय. कितीही तयारीचा माणूस बसवा, पहिल्या वळणाला जाणार.’ आणि बघ तुझा बाप, त्यालाही मी म्हणालो की आधीच्या मालकाने मारलं असेल. चालत घरी आलो आणि मला माझीच लाज वाटली. तू माझ्यावर रागाव, वर्षभर बोलू नकोस, मी ते सोशीन. नवा टायर घातला नाही, जुना तसाच ठेवलाय, शनिवारी ये आणि स्वतःचा अंगठा फिरवून बघ. त्यानंतर गाडी विकायची तर वीक, मॅडमना नाही म्हणायचं तर म्हण, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त चालवता येत नाही म्हणून विकू नकोस. पोरी, तू ते वळण बरोबर घेतलं होतंस.

तुझाच, इतके दिवस गप्प बसलेला,
बाबा