पाण्यातली खरी झाडं

सुपा, ता. पारनेर
१८ ऑगस्ट २०२४

ती. अण्णा व सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, आम्ही ठीक आहोत. फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही. आई फोन कानाला लावते आणि माझं बोलणं तुम्हांला इतकं ओरडून सांगते, की ते अर्ध्या बेलापूरला कळतं. शिवाय आमच्या दोन खोल्यांत मी काय बोलते ते सगळं यांना ऐकू जातं. म्हणून लग्नाच्या नव्या नवलाईत लिहायचे तशी लिहायला बसले.

यांची जखम पूर्ण भरली. आता दाखवायला यायची गरज नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं. पण एप्रिलमध्ये प्रेस मशीनमध्ये उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हापासून दवाखाना सोडला तर हे उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. खांद्यावरचा टॉवेल मनगटावर ओढून बसून असतात. कंपनीने निरोप पाठवला आहे की स्टोअरला बसून माल तपासायचं काम देतो, कधी येता ते कळवा. यांनी काहीच कळवलेलं नाही.

दवाखान्यातून प्लॅस्टिकचा हात बसवून दिला होता, ते तुम्हांला सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी धनूने तो हौसेनं हातात धरला आणि गार लागला तशी किंचाळून माझ्या मागे लपली. सहा वर्षांची पोर, तिची काय चूक. यांनी हात काढला, खोक्यात ठेवला आणि खोकं कपाटावर. तेव्हापासून धनू बाबाच्या उजव्या बाजूला बसत नाही. ते यांना दिसतं, मलाही दिसतं.

आता मुद्द्याचं. यांच्या शेजारच्या मशीनवरचे वाल्मिक भाऊजी गेल्या महिन्यात एक काचेचा टँक घेऊन आले. पाच गोल्डफिश, हवेची मोटर, तळाला पांढरी खडी आणि प्लॅस्टिकची झाडं. हिरवी, गुलाबी, एक तर चक्क जांभळं. हे दिवसभर त्या टँकसमोर बसतात. मला वाटायचं, निदान भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं. परवा आपण होऊन बोलले. म्हणाले, ही झाडं काढून टाक, खरी लाव. एवढ्या महिन्यांत यांनी पहिल्यांदा काही मागितलं, अण्णा.

मी लगेच हो म्हणायला हवं होतं, पण म्हणाले नाही. नगरला गेले तेव्हा एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, खऱ्या झाडांना उजेड पुरवावा लागतो, पानं कुजतात ती वेळच्या वेळी काढावी लागतात, आणि गोल्डफिश तर कोवळी झाडं भाजीसारखी खातात. प्लॅस्टिकची मधूनमधून धुतली की काम संपलं. मी पहाटे उठून डबा करून सकाळच्या पाळीला पॅकिंगला जाते. पाण्यात हात घालून बसायचं कुणी? आणि खरी भीती ती नाहीच. लावलेली झाडं डोळ्यांदेखत मेली तर? या माणसासमोर आता काही मरू नये, एवढंच मला वाटतं.

तुम्ही जन्मभर लावत आलात. तुम्हांला काय वाटतं ते कळवा. आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव, नुसती बाटली जपून ठेवू नकोस. तुमची माया आहे म्हणून हे सगळं लिहवलं. ती असू द्यावी.

आपली
निकिता


बेलापूर, ता. श्रीरामपूर
२६ ऑगस्ट २०२४

चि. सौ. निकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने हाक मारली ती मला ऐकू आली नाही, म्हणून तो गोठ्यापर्यंत चालत आला. तुझ्या आईला वाचून दाखवलं. प्लॅस्टिकच्या हाताचं आलं तिथं ती उठून आत गेली. बाहेर आली ती म्हणाली, तिला लिवा, आजारी मानसानं मागितलं तर न्हाई म्हनू नये. मग तेल लावायला बसली, ते तुझ्या धाकाने का काय माहीत नाही.

मला टँकमधलं कळत नाही. शेतातलं सांगतो. रोप लावलं की त्यातलं काही जातंच. ऊस लावला तरी सगळे डोळे फुटत नाहीत, रिकाम्या जागी आपण नांग्या भरतो. मेलेलं रोप उपटून दुसरं लावताना माणूस रडत बसत नाही, कारण हातात काम असतं. आदिनाथरावांना कदाचित तेच काम हवं असेल. कदाचित नसेलही. मी लांबून बोलतोय, तू जवळून बघतेस.

एवढं मात्र कळतं की गेले काही महिने त्यांचं सगळं तू ठरवतेस. औषध कधी, अंघोळ कधी, कोण भेटायला आलं तर बसवायचं का परत पाठवायचं. त्याला इलाज नव्हता, तू केलंस म्हणून ते उभे आहेत. पण झाडं कोणती, ते त्यांना ठरवू दे.

आपल्या पाटाच्या कडेला पाण्याखाली लांब फितीसारख्या पानांचं गवत असतं, तुला आठवत असेल. लहानपणी पोहताना पायाला लागलं की साप म्हणून ओरडायचीस. ते चिवट असतं, मासे त्यातच राहतात. आज काढून ओल्या गोणपाटात बांधलं. आपल्या रामहरीचा टेम्पो उद्या पुण्याला निघालाय, तो सुप्यात उतरवून देईल. दुकानाचा खर्च नको आणि बाहेरचं काही नको. माहेरचंच आहे असं समज.

धनूला गोड पापा. काळजी करतेस ती निम्मी आमच्याकडे पाठवून दे, आम्ही दोघं रिकामेच बसलोय.

तुझे
अण्णा


सुपा
५ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हांला लागेल. तरी लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही.

गवत पोचलं तेव्हा मी कामावर होते. घरी आले तर यांनी गोणपाट सोडून झाडं परातीत मांडली होती. डाव्या हाताने एकेक मूळ धुवत होते. मला म्हणाले, खडी बाजूला धर. मग दोघांनी मिळून लावली. धनूसुद्धा डोकावत होती, बाबाच्या डाव्या बाजूने. पानं पाण्यात उभी राहिली आणि मोटरच्या हवेने हलायला लागली, तेव्हा हे म्हणाले की लहानपणी आम्ही याला पाणगवत म्हणायचो. जेवताना दोन भाकरी खाल्ल्या. मी मनात म्हटलं, अण्णांनी केलं ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. यांनी पाणी बदललं, मोटर वाढवली. मग एक आडवा झाला, मग दुसरा, संध्याकाळपर्यंत तिसरा. वाल्मिक भाऊजींनी विचारलं, गवत कुठून आणलं, तिथं उसाला काही फवारलं होतं का? आपल्या त्या पाटाला शेजारच्या उसाचं पाणी उतरतं, हे तुम्हांला माहीत नव्हतं का, अण्णा? दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं?

यांनी मेलेले मासे स्वतः काढले. मला हात लावू दिला नाही. नंतर म्हणाले, या घरात आता खोटंच टिकणार. मी भांडले असते, पण त्यांचा आवाज इतका शांत होता की मी उठून आधी ते गवत उपटलं. दोन दिवस नुसत्या चहावर काढले, अजूनही धड जेवत नाहीत. कंपनीतून पुन्हा माणूस आला होता, त्याला भेटले नाहीत. पंधरा दिवसांत कळवलं नाही तर ती जागा दुसऱ्याला देणार आहेत.

गवत मी टाकून दिलं, टँक तीनदा धुतला आणि प्लॅस्टिकची झाडं परत लावली. जांभळंसुद्धा. दोन मासे राहिलेत ते त्यात फिरतात. पुन्हा काही पाठवू नका. आईला यातलं सांगू नका.

रागाने लिहिलं तरी मी तुमचीच आहे, एवढं धरून चाला.

निकिता


बेलापूर
९ सप्टेंबर २०२४

चि. आदिनाथराव यांस,
छगनचे अनेक आशीर्वाद.

तुम्हांला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. जावयाला काय लिहावं हे आम्हांला कुणी शिकवलं नाही. चुकलं तर सोडून द्या.

निकिताचं पत्र आलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी पाटावर जाऊन विचारलं. गवत काढलं त्याच्या आदल्या दिवशी वरच्या रानात औषध मारलं होतं. मी ते न विचारता गवत उपटलं आणि तुमच्या घरात पाठवलं. तुमचे मासे माझ्यामुळे मेले. पाणी बदललंत, मोटर वाढवलीत, तुम्ही करायचं ते सगळं केलंत. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हे तुम्हांला थेट सांगायचं होतं, म्हणून हे पत्र.

तुम्ही जे बोललात तेही तिने लिहिलंय. मी दोन हातांचा माणूस, तुम्हांला काय सांगू. तुमच्या सासूबाई म्हणतात, त्यास्नी लिवा की आमी वाट बघतोय, दिवाळीला पोरीसंगं या. तेवढं त्यांच्या शब्दांत लिहिलं.

राहिलं एक. त्या रानाच्याही वरच्या अंगाला, जिथं कुणाचं रान नाही, तिथलं थोडं गवत आणून मी विहिरीजवळच्या दगडी डोणीत ठेवलंय. रोज पाणी बदलतो. त्यात पाटातले बारके मासे सोडलेत. ते नीट आहेत, गवताला नवी पानं आलीत. तुम्ही मागाल तर पाठवीन. नाही मागितलं तर डोणीतच राहील, त्याला इथं काही त्रास नाही. निकिता काय म्हणते ते विचारायचं नाही, तुमचं तुम्ही कळवा.

प्रकृतीला जपा. आमचा तुमच्यावर जीव आहे, तो पत्र नाही आलं तरी राहील.

आपला
छगन


सुपा
१७ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय. वेळ लागतो, म्हणून थोडंच लिहिणार होतो. सांगण्यासारखं जास्त निघालं.

तुमचं पत्र आलं आणि मी ते खिशात ठेवलं. उत्तर द्यायचं नव्हतं. माशांचा राग तुमच्यावर नव्हता. कुणावर होता ते मलाच कळत नव्हतं.

शुक्रवारी निकिता कामावर होती. शेजारच्या काकूंनी धनूला शाळेतून आणून सोडलं. ती टँकजवळ गेली आणि ओरडायला लागली. दोनपैकी एक मासा त्या जांभळ्या प्लॅस्टिकच्या झाडात अडकला होता. काड्यांच्या फटीत शिरला आणि कल्ला अडकला. सुटायला धडपडत होता तसा जास्त रुतत होता. मी डावा हात घातला. काड्या फाकवायला गेलो की झाड बुडासकट उचकटून वर यायचं आणि मासा आणखी ओढला जायचा. झाड धरावं तर काड्या कोण फाकवणार. धनूचा हात तळापर्यंत पोचत नव्हता. ती सारखी म्हणत होती, बाबा काढ ना, बाबा काढ ना.

मी उजवा हात पाण्यात घातला. मनगटाने झाड तळाला दाबून धरलं आणि डाव्या बोटांनी काड्या वाकवल्या. मासा सुटला. शेपटी फाटलीय, पण पोहतोय.

हात बाहेर काढला तेव्हा ध्यानात आलं की टॉवेल खाली पडलाय आणि धनू बघतेय. एप्रिलपासून तिने ते उघडं कधी पाहिलं नव्हतं. मी दाखवलंच नव्हतं. झाकून ठेवलं म्हणजे तिला भीती वाटणार नाही असं मला वाटायचं. तिने टॉवेल उचलला आणि मनगट पुसायला लागली. दप्तर भिजलं की पुसते तसं, कोपरे धरून. पुसता पुसता विचारलं, दुखतं का. मी म्हणालो, न्हाई. मग म्हणाली, हे तर गरम आहे. आणि खेळायला गेली.

मामा, मी दार लावून लई रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो. निकिता आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. मग तीपण रडली, आणि मग टँकमधली प्लॅस्टिकची झाडं तिनेच काढली. म्हणाली, तुम्हांला हवं ते लावा, मेलं तर परत लावू.

म्हणून डोणीतलं गवत मागतोय. मासे ते खातील हे मला माहीत आहे. खाऊ देत, उरेल ते वाढेल. खडीत डाव्या हाताने खळगा करायचा आणि उजव्या मनगटाने मूळ दाबायचं, हे जमतं. कोथिंबिरीच्या काड्या लावून बघितलं. निकिता ओरडली, कारण भाजीला कोथिंबीर उरली नाही.

कंपनीत वाल्मिककडून निरोप दिलाय. सोमवारपासून स्टोअरला जाणार. तिथली पोरं बघतील, बघू देत. धनूने एकदा बघितलंय, आता बाकीच्यांचं काही वाटत नाही. कपाटावरचं खोकं आहे तिथेच आहे. लग्नाकार्यात घालीन कदाचित, नाहीतर नाही. ते अजून ठरवलेलं नाही.

मामींना सांगा, दिवाळीला येतो. गाडी चालवता येत नाही, एस.टी.ने येऊ. गवत घेऊन येणाऱ्याने निकितापाशी देऊ नये, माझ्यापाशी द्यावं. आठवण ठेवता, अशीच ठेवा.

खालची सही तुम्हांला ओळखू येणार नाही. माझीच आहे.

आदिनाथ