वाचनकक्षात वाचू देण्याबाबत

प्रति,
मा. ग्रंथालय अधिकारी,
सार्वजनिक ग्रंथालय विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : वाचनकक्षात मोठ्याने बोलल्याबद्दल खुलासा, आणि त्याच कक्षात वाचकांना पुन्हा वाचू देण्याची विनंती.

संदर्भ : १) 'प्रत्येक वाचनालय समाजमाध्यमांवर' हे आपल्या कार्यालयाचे परिपत्रक.
२) अर्जदाराचा मागील अर्ज, जो आपल्या दालनात वाचून दाखवला असता पहिल्या परिच्छेदाअखेर आपला डोळा लागला.
३) थेट प्रक्षेपणात आवाज चढवल्याबद्दल अर्जदारास मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. संदर्भ क्र. २ बाबत अर्जदाराची तक्रार नाही. "वाचा, काय म्हणणं आहे ते," असे आपण फर्मावलेत म्हणून अर्जदाराने वाचले. पुढे जे झाले त्यात दोष आपला नसून अर्जदाराच्या आवाजाचा आहे. मात्र शिपायाने पंखा वाढवून "साहेब उठल्यावर या" असे सांगितल्याने मागणीचा भाग आपल्यापर्यंत पोहोचला नाही. एका वाचक मुलीची परीक्षा तोंडावर आली असून आता थांबायला सवड नाही. सबब हा अर्ज आपण स्वतः, शक्य झाल्यास उभ्याने वाचावा, ही पहिली विनंती.

२. अर्जदार या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागला तेव्हा त्याचे केस काळे होते. तेव्हापासून 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्याचा आवाज जो खाली उतरला तो पुन्हा वर चढला नाही. भाजीवाला "काय म्हणालात?" असे प्रत्येक भाजीला विचारतो. "अहो, हे घर आहे, वाचनालय नाही. जरा तोंड उघडून बोला," असे सांगून अर्जदाराची पत्नी थकली आणि अखेर तिने नाद सोडला. घरी आता दोघेही फारसे बोलत नाहीत.

३. परिपत्रक आले तेव्हा अर्जदाराने नाक मुरडले नाही, याची कृपया नोंद व्हावी. वाचनालयाचे पान उघडले, नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे टाकली. एका टॅक्सीचालकाने विचारले, "लहानपणी एक पुस्तक वाचलं होतं, नाव आठवत नाही. हिरवं कव्हर. शेवटी कुत्रा सापडतो." पुस्तक मागल्या कपाटात सापडले, ते घेताना गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आले. गुडघ्यांमुळे जिना चढू न शकणाऱ्या एक निवृत्त परिचारिकाबाई फोनवरून मोठ्या अक्षरांची पुस्तके राखून ठेवू लागल्या व त्यांचे जावई ती नेऊ लागले. या नव्या साधनांनी वाचनालय रस्त्यापलीकडे पोहोचते, हे अर्जदारास पटले होते आणि आजही पटते. परंतु आपल्या कार्यालयाच्या तक्त्यात सापडलेल्या कुत्र्यासाठी रकाना नव्हता. 'किती जणांनी पाहिले' एवढा एकच रकाना होता आणि त्यात हे वाचनालय तळाला होते.

४. तेव्हा पुस्तकांचा परिचय थेट प्रक्षेपणातून करून देण्याचा आदेश आला. अर्जदाराने भ्रमणध्वनी पुस्तकांच्या ढिगाला टेकवून ठेवला व एका कादंबरीचे पहिले प्रकरण वाचले. समोर वाचक बसलेले असल्याने ते त्याने कुजबुजत वाचले. वाचनकक्षात याहून वेगळ्या आवाजात बोलता येते, हे त्याच्या डोक्यातच आले नाही.

पाहणाऱ्यांची झुंबड उडाली. कादंबरी लोकांना आवडली, अशा भ्रमात अर्जदार दोन दिवस होता. मग त्याने प्रतिक्रिया वाचल्या. "दुसऱ्या पानापर्यंत कधी पोचलोच नाही. जीव शांत झाला." "आमचं बाळ जन्मल्यापासून पहिल्यांदा सलग झोपलं, आणि मग आम्हीही. काका, तुमचे उपकार." लोक अर्जदाराचा आवाज उशाशी लावून झोपत होते.

५. आपण खूश होऊन समाजमाध्यम सल्लागार पाठवलेत. हे गृहस्थ स्वभावाने गोड असून कानांतली यंत्रे (इअरफोन) काढत नाहीत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "काका, आवाज एक नंबर! फक्त अर्थ कळेल असं काही वाचू नका. अर्थ कळला की लोक जागे होतात." त्यानुसार कादंबरी बंद होऊन ग्रंथसूची सुरू झाली. सूचीतही एखादे नाव कुतूहल जागवते असे आढळल्यावर वाचनालयाची नियमावली लावण्यात आली. 'पुस्तक हरवल्यास' हे कलम सर्वाधिक लोकप्रिय ठरले. आभार मानायला लोक प्रत्यक्ष येऊ लागले. एक जण उशी घेऊन आले. पिशवी दाराशी ठेवण्याचा नियम आहे, उशीबाबत नियम नाही, त्यामुळे अर्जदारास काही बोलता आले नाही. जगाला झोपवणाऱ्या अर्जदाराची स्वतःची झोप मात्र या काळात उडाली आहे. स्वतःचाच आवाज उशाशी लावून पाहिला. उपयोग झाला नाही.

६. पुढे सल्लागारांनी यंत्राला अर्जदाराचा आवाज शिकवला. आता वाचनालयाच्या पानावर कोणी काही विचारले तर अर्जदाराच्या आवाजात यंत्र उत्तर देते. अर्जदाराच्या पत्नीने "घरी कधी येताय?" असे विचारले असता यंत्राने "आपली चौकशी आम्हाला मोलाची वाटते" असे सांगितले. "निदान काहीतरी बोललं तरी," असा शेरा तिने मारला. तो अर्जदारास लागला.

आवाज यंत्राकडे गेल्यावर स्वतःची सुटका होईल आणि वाचनकक्ष मोकळा होईल, असे अर्जदारास वाटले होते. परंतु सल्लागारांच्या मते यंत्राला पाने उलटण्याचा आवाज जमत नाही. लोकांना तो आवाज खराखुरा लागतो. म्हणून अर्जदाराचे थेट वाचन चालूच ठेवून, वाचनकक्षातील खुर्च्यांवर वाचक तसेच बसवून त्यांच्यासमोर ध्वनिग्राहक लावण्यात आले.

७. येथून अर्जाचा मूळ मुद्दा सुरू होतो. वाचता वाचता पान उलटले की ते कधी लवकर उलटते, कधी उशिरा. एखादे वाक्य आवडले तर वाचक मागे जातो, काही वेळा हसतो. सल्लागारांना लय हवी आहे. सबब वाचकांना तोंडी सूचना देण्यात आली की त्यांनी पाने संथपणे उलटावीत, वाचू नये. दाराबाहेर 'कृपया वाचू नका, प्रक्षेपण चालू आहे' अशी पाटी लागली. निम्मे वाचक त्या दिवशीच उठून गेले. वर्तमानपत्र वाचणारे आजोबा आता समोरच्या न्हाव्याकडे बसतात.

खिडकीजवळची मुलगी मात्र गेली नाही, कारण तिला जायला जागा नाही. तिची आई घरी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते; एकच खोली, तीत टेबल एकच, आणि त्या टेबलावर इस्त्री. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे व वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी आहे. ती रोज येते, सांगितल्याप्रमाणे तेच जाड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संथपणे उलटते आणि मिटते. तिने त्यात ठेवलेली कागदाची खूण मात्र सूचना लागू झाली त्या दिवशी जिथे होती तिथेच आहे. अर्जदार हे रोज समोर बसून पाहत होता आणि नियमावली कुजबुजत होता. त्याची त्याला लाज वाटते.

८. नोटिशीत विचारलेल्या प्रकाराचा खुलासा येणेप्रमाणे. काल प्रक्षेपण चालू असताना त्या मुलीने पुस्तक उलटता उलटता खुणेपाशी हात थांबवला. वर पाहिले. अर्जदारासारखेच कुजबुजत तिने विचारले, "काका, आज थोडंसं वाचलं तर चालेल का?"

इतक्या वर्षांत वाचनालयात हा प्रश्न कोणी विचारल्याचे अर्जदारास आठवत नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "वाच! अगं वाच की! त्यासाठीच तर आहे ही खोली!"

हे वाक्य मोठ्याने गेले. किती मोठ्याने, याचा अंदाज अर्जदारास नाही, कारण त्याला सवय नाही. सल्लागारांनी कानांतली यंत्रे काढली. असंख्य लोक दचकून उठल्याच्या तक्रारी आपल्याकडे आल्या असतील. ज्यांचे बाळ उठले त्यांची अर्जदार मनापासून माफी मागतो. बाकीच्यांची मागत नाही.

९. सबब नम्र विनंती की, अर्जदाराचा आवाज यंत्रात आहेच, तो कार्यालयाने कायमचा ठेवून घ्यावा. लोकांना झोप मिळत असेल तर अर्जदाराची ना नाही. पानांच्या आवाजासाठी रद्दी वापरावी. वाचनालयाचे पान पुन्हा पुस्तके शोधून देण्यासाठी व घरबसल्या राखून ठेवता येण्यासाठी मिळावे. दारावरची पाटी उतरवावी आणि खिडकीजवळचे टेबल परीक्षा होईपर्यंत तरी त्या मुलीला वाचायला द्यावे. बदल्यात नोटिशीप्रमाणे जी शिक्षा व्हायची ती अर्जदारास व्हावी. तो दाद मागणार नाही.

१०. जाता जाता एक गोष्ट, जी कार्यालयीन नाही. काल अर्जदार घरी पोहोचला तेव्हा पत्नी दारातच उभी होती. ती रोज प्रक्षेपण ऐकते, हे अर्जदारास ठाऊक नव्हते. तिने हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "आज ऐकू आलं हो." रात्री अर्जदारास झोप लागली.

कळावे, आणि कळल्यास कळवावे.

आपला नम्र,
(स्वाक्षरी)
ग्रंथपाल

स्थळ : वाचनालयाचा जिना (वाचनकक्षात प्रक्षेपण चालू असल्याने)
दिनांक : नोटीस मिळाली तोच

सोबत : १) कारणे दाखवा नोटिशीची प्रत.
२) मागील अर्जाची प्रत, दुसऱ्या परिच्छेदापासून पुढे.