तीन नंबरच्या टाकीतलं पाणी

११ ऑगस्ट

आज भांडण. कडाक्याचं! आणि कशावरून, तर पाण्यावरून.

वारा सुटला म्हणून यंदा आलुबुखार जरा लवकरच उतरवले. रस इतका आंबट निघालाय, की टाकीवर नुसतं वाकलं तरी दात आंबतात. असला रस तसाच आंबवला तर ती वाइन कुणी फुकटसुद्धा नेणार नाही. म्हणून साखर घालायची, पाणी घालायचं. सरकारची त्याला ना नाही — पण हात राखून. आधी आम्ल मोजायचं. पाणी घातल्यावर ते लिटरमागे पाच ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. आणि काय घालायचं ते रस आंबत असतानाच घालायचं. एकदा वाइन तयार झाली, की पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही. इतका सरळ नियम. शेंबड्या पोरालाही कळेल!

पण आमच्या घरात नियम म्हणजे बाबांची जीभ. सासरेबुवांच्या आधी टाकीतलं कुणी चाखायचं नाही, ही इथली रीत. त्यांनी आज तीन नंबरमध्ये पळी बुडवली, ओठाला लावली आणि म्हणाले, "अजून आंबट आहे. सोड पाणी."

मी म्हटलं, "बाबा, माझी आम्ल मोजायची नळी म्हणते बास. आता मर्यादेला टेकलंय."

"नळीला दात आहेत का तुझ्या? आंबतील तेव्हा मला सांग."

सगळे कामगार फिदीफिदी हसले. त्यात आमचे हेसुद्धा! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाण्याचा पाइप बाबांच्या हातात कोंबला, म्हटलं, "ओता मग! हवं तेवढं ओता!" आणि तरातरा घरी निघून आले.

पुढे किती ओतलं, देव जाणे. मी बघायला थांबले नाही.

१२ ऑगस्ट

अबोला. ह्यांची चंगळ आहे — दोन्हीकडचे निरोप पोचवायचे आणि दोन्हीकडचा चहा प्यायचा.

१६ ऑगस्ट

सकाळी ओट्यावर वाडगाभर निवडक आलुबुखार ठेवलेले होते. बाबांनीच. तोंडाने 'चुकलो' म्हणणार नाहीत, मेले तरी. मीही तोंडाने 'जाऊ दे' म्हटलं नाही. चहात आलं जास्त घातलं, त्यांना आवडतं तसं. मिटलं.

दुपारी पलीकडच्या टेकडीवरचा चेरीवाला आला. बाटली काखेत, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. असे सगळेच येतात — ज्याची वाइन बिघडते तो आधी बाबांकडे येतो, मग डोकं धरून बसतो. बाबांनी घोट घेतला, गालात फिरवला, थुंकला. "पिंपात लोखंड पडलंय तुझ्या. बघ जा." चेरीवाला गेला आणि संध्याकाळच्या आत परत आला — हातात गंजलेला बोल्ट! बाबा नुसते हसले. मनात आलं, ह्या माणसाशी मी नळी घेऊन भांडते. मलाच हसू आलं.

तरी नियम तो नियम. हे मी लिहून ठेवतेच.

२४ ऑगस्ट

आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन. उद्या पहाटेच्या गाडीने माहेरी निघते.

ह्यांना बसवून सगळं समजावलं. तीन नंबरचं आंबणं थांबलं की गर आणि गाळ काढायचा. तो काढला की टाकी चांगली पाव-एक रिकामी होते. मोकळी जागा ठेवली तर हवा लागून वाइनचं व्हिनेगर होतं. म्हणून लहान टाक्या घासून धुऊन घ्यायच्या आणि वाइन त्यांत काठोकाठ उतरवायची. लहान टाक्यांत उतरून घासायचं म्हणजे कंबरेचा काटा ढिला होतो, हे मलाही माहीत आहे. पण करायचं!

"हो हो," म्हणाले. ह्यांचं 'हो हो' मी इतकी वर्षं ऐकतेय.

९ सप्टेंबर

दवाखान्याच्या बाकावर. आई औषधाच्या गुंगीत मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारते.

ह्यांचा फोन — "गाळ काढला. सगळं काठोकाठ भरलंय. तू काळजी करू नकोस." बघा! उगाच नावं ठेवते मी. माणूस जबाबदारी पडली की करतो.

२८ सप्टेंबर

परत आले. आई वॉकर धरून चार पावलं टाकते, आणि प्रत्येक पावलाला मला शिव्या देते. म्हणजे बरी आहे.

अंग आंबून गेलंय. वाइनच्या तळघरात उतरलेच नाही. उद्या मोजेन सगळं.

२९ सप्टेंबर

मोजायच्या आधीच सरकार दारात! सकाळीच इन्स्पेक्टर आला. उंच, कोरडा, चहालाही नाही म्हणणारा. प्रत्येक टाकीचा नमुना बाटलीत भरून घेऊन गेला.

तीन नंबरची वाइन अजून मोठ्या टाकीतच आहे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "गाळ कमीच निघाला, टाकी रिकामी झालीच नाही." असेल. हिरवट फळाला गर कमी असतो.

१३ ऑक्टोबर

लिहवत नाही. तरी लिहिते.

इन्स्पेक्टर परत आला, सोबत दोन शिपाई. तीन नंबरमधलं आम्ल मर्यादेच्या कितीतरी खाली. अल्कोहोलही कमी. "हे चुकून झालेलं नाही," म्हणाला, "कुणीतरी हात मोकळा सोडून पाणी ओतलंय." टाकीला लाखेचं सील ठोकलं. यंदाचा निम्म्याहून जास्त माल त्या एका टाकीत आहे!

आणि मी? माझ्या जिभेला काही हाड? सगळ्यांसमोर बोलून गेले — "मी ह्यांना सांगितलं होतं! बास म्हणून सांगितलं होतं!" आणि बोट बाबांकडे.

बाबांनी इन्स्पेक्टरच्या बाटलीत उरलेला घोट मागितला. तोंडात बराच वेळ धरला. मग ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली जमिनीकडे बघत होते — वडिलांची लाज वाटली असणार. बाबांनी घोट गिळला. कधी गिळत नाहीत, थुंकतात.

"मीच ओतलं," म्हणाले. "मला आंबट लागत होतं."

१४ ऑक्टोबर

खरं सांगू? काल क्षणभर बरं वाटलं. माझंच खरं ठरलं म्हणून. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

आज बरंबिरं काही नाही. लायसन बाबांच्या नावावर आहे. जाणूनबुजून पाणी घातलं असं ठरलं तर ते रद्द होतं, आणि मग पुन्हा ह्या घरातल्या कुणालाच मिळत नाही. तळघर बंद. कामगार घरी. हे दुसरं काय करणार? ह्यांना दुसरं येतं काय?

इन्स्पेक्टर जाताना दारात थांबला होता. हळूच म्हणाला, "म्हाताऱ्यांची चव गेली असेल, तर तसं दाखवून द्या. मग तो गुन्हा नाही, आजारपण धरतात. माल ओतून द्यावा लागेल, पण लायसन मुलाच्या नावावर करता येईल." दगडाला पाझर फुटला म्हणायचा.

हे म्हणाले, "मी बाबांना असं विचारू शकत नाही." मग कुणी विचारायचं? मीच. वाईट कामाला सून.

१७ ऑक्टोबर

तीन कप ठेवले. एकात आलुबुखाराचा राखून ठेवलेला निव्वळ रस, दुसऱ्यात तोच रस पाणी घालून, तिसऱ्यात नुसतं साखरपाणी. बाबांना म्हटलं, "डोळे मिटून सांगा."

पहिला — "आंबट."

दुसरा — "आंबट."

साखरपाणी तोंडात घेऊन जरा थांबले. म्हणाले, "हा सगळ्यात आंबट."

मी कप उचलले आणि मोरीत जाऊन रडले. ओक्साबोक्शी. दोन महिन्यांपूर्वी बोल्ट ओळखणारी जीभ! इतक्यात कशी गेली? आणि मी त्या बिचाऱ्या माणसाशी पाइपवरून भांडले. त्यांना खरोखरच आंबट लागत होतं तेव्हा.

बाहेर आले तर बाबाच माझी समजूत घालतायत. "वय झालं पोरी. एवढं काय त्यात?"

२० ऑक्टोबर

डॉक्टरांनी टॉर्च मारून जीभ बघितली, काही थेंब टाकून बघितले. बाबांनी सगळ्यालाच आंबट म्हटलं. "होतं असं या वयात," डॉक्टर म्हणाले आणि दाखला लिहून दिला. बाबांनी तो घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला, लग्नपत्रिकेसारखा जपून.

हे जेवत नाहीत धड. वडिलांचं मनाला लावून घेतलंय.

२७ ऑक्टोबर

सुनावणी. लांबट खोली, खुर्च्यांच्या रांगा, घुमणारा पंखा. आमच्या धंद्यातले सगळे हजर — चेरीवाला, सफरचंदवाले दोघे भाऊ, सगळे. नियमाचं काय होतं ते बघायला आलेले. ज्यांच्या ज्यांच्या बाटल्या बाबांनी चाखल्या, ते सगळे.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतः सांगा, काय झालं."

बाबा उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. "साहेब, माझी जीभ मेली," म्हणाले. "मला कळलं होतं, पण कबूल करवेना. सून नको म्हणत असताना मी पाणी ओतलं. तिची चूक नाही. मुलाची तर नाहीच नाही."

मागे कुणीतरी च्-च् केलं. मला वाटलं धरणी दुभंगावी.

निकाल तिथल्या तिथे. माल नष्ट. लायसन ह्यांच्या नावावर. आणि बाबांनी ह्यापुढे तळघरात पाऊल टाकायचं नाही, चाखायचं नाही, सल्ला द्यायचा नाही — आमच्याकडेही नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही. त्याखाली बाबांनी सही केली. अक्षर अजून मोत्यासारखं आहे.

परत येताना गाडीत हे मागे बसून रडत होते. मुलगा आहे शेवटी.

२ नोव्हेंबर

आज ओतलं. इन्स्पेक्टरसमोर खालचा नळ उघडला. दुपार झाली तरी वाहतंय, वाहतंय. अंगणाच्या गटारातून लाल फेस रस्त्यापर्यंत गेला. कुत्री येऊन हुंगून गेली.

बाबा तळघराच्या फाटकाबाहेर उभे होते. आत यायची बंदी ना! स्वतःच्या हाताने बांधलेलं तळघर, आणि परक्यासारखे रस्त्यावर उभे. मी खुर्ची नेऊन दिली. बसले नाहीत.

९ नोव्हेंबर

चेरीवाला समोरून गेला. काखेत बाटली. फाटकाशी पाय अडखळले त्याचे, मग मान खाली घालून पुढे गेला. सफरचंदवाल्यांकडे असणार. बाबा खिडकीत होते. त्यांनी पडदा ओढून घेतला.

आता रोज सकाळी दाढी करतात, सदरा घालतात आणि त्याच खिडकीत बसतात. विचारायला येणारं कुणी नाही. मी भाजीत मीठ किती घालू असं मुद्दाम विचारलं. "मला काय विचारतेस?" म्हणाले. "मला कुठे कळतंय?"

१६ नोव्हेंबर

बाबांचं अन्न तुटलंय. सदरा खांद्यावरून लोंबतो. ह्यांना म्हटलं, जरा बसा त्यांच्याजवळ. तर लगेच तळघरात काम निघालं. हल्ली रात्रंदिवस तिथेच असतात. लहान टाक्या घासतात! रिकाम्या टाक्या कशाला घासायच्या? पण घासतात, घाम गळेपर्यंत.

२१ नोव्हेंबर

पाण्याच्या फिल्टरची कांडी सकाळी बदलली. कुणाला बोलले नव्हते. त्यात काय सांगायचं?

दुपारी बाबांना गोळी दिली, पेला दिला. एक घोट घेतला आणि सहज म्हणाले, "फिल्टर बदललास का गं?"

मी बघतच राहिले. साधं पाणी! ना आंबट, ना गोड — पाणी! मग तीन कप? मग डॉक्टर? मग ती सुनावणी? माझ्या डोक्यात सगळं एकदम उजाडलं. टाकी रिकामी झाली होती. लहान टाक्या कुणी घासल्याच नव्हत्या. ह्यांनी वरून पाइप लावला होता, तयार वाइनमध्ये — आणि बाबांना ते इन्स्पेक्टरच्या बाटलीतल्या त्या एका घोटातच कळलं होतं.

"बाबा, मी आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते—"

त्यांनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"गप्प बस," म्हणाले. "लायसन आता त्याच्या नावावर आहे."